वरून रेटा, खालून खोडा

कोरांटी | सोमवार, रात्री १०:४०

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. लांबण लागेल, आधीच माफी.

कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात नऊ वर्षं काढली आणि सहा महिन्यांपूर्वी त्याच विभागाची प्रमुख झाले. हाताखाली चौदा जण. त्यातले निम्मे माझ्या आधीपासूनचे, दोघांनी तर मला काम शिकवलंय. ज्यांच्याबरोबर बाकावर बसून साहेबांच्या नकला केल्या, त्यांच्या रजेच्या अर्जावर आता माझी सही लागते.

झालं असं की वरून हुकूम आला: दुरुस्तीच्या नोंदी यापुढे रजिस्टरात नकोत, टॅबवर हव्यात. काम कधी हाती घेतलं, कधी संपलं, काय बिघडलं होतं, कुठला पार्ट बदलला. तिमाही संपायच्या आत १०० टक्के. कल्पना मलाही पटलेली होती. एखादा पंप वर्षभरात कितीदा उघडला हे रजिस्टर चाळून शोधायला अर्धा दिवस जातो.

पहिल्या मीटिंगला कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमलं. दोन आठवड्यांनी नोंदी उघडल्या तर पहिल्या पाळीतली झाडून सगळी कामं दुपारी २:४० ते २:५५ या पंधरा मिनिटांत संपलेली! पाळी तीनला सुटते. म्हणजे दिवसभर टॅब कपाटात, आणि जाता जाता कुणीतरी एकाने बसून सगळ्यांच्या नावाने नोंदी ठोकल्या.

इकडे रोज सकाळी नऊच्या मीटिंगला साहेबांचा एकच प्रश्न, "किती टक्के?" गेल्या गुरुवारी चार विभागप्रमुखांसमोर म्हणाले, "तुमची माणसं तुमचं ऐकत नाहीत का?" मी तशीच जिना उतरले, सगळ्यांना गोळा केलं आणि सुनावलं, उद्यापासून टॅबवर नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरीन.

शुक्रवारी नोंदी १०० टक्के. वेळच्या वेळी. बिघाडाचं कारण: इतर. केलेलं काम: इतर. बदललेला पार्ट: इतर. एकूण ३१ नोंदी, ३१ इतर.

आणि आमचे सगळ्यात ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्या शर्टाच्या खिशातली छोटी डायरी मात्र रोज भरतेय. ती ते कुणाला दाखवत नाहीत.

कडक व्हावं की नमतं घ्यावं? आणि सकाळी नऊला पोटात गोळा येतो त्याचं काय करावं? अनुभवी मंडळींनी सांगा.

तिरकस | सोमवार, रात्री ११:०५

३१ पैकी ३१! एवढी एकी मी युनियनच्या निवडणुकीतही पाहिलेली नाही. टीम झकास बांधलीय तुम्ही. फक्त तुमच्याविरुद्ध.

निवांत_पाटी | सोमवार, रात्री ११:१२

रुमाल टाकून ठेवते. उद्या सविस्तर.

हिशोबी | सोमवार, रात्री ११:३०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पगार कंपनी देते, नोंद कशी ठेवायची तेही कंपनीच ठरवणार. "इतर" लिहिणाऱ्या पहिल्या दोघांना मेमो द्या, बाकीचे बारा आपोआप सुतासारखे सरळ येतात. तुम्ही मैत्रीण आणि अधिकारी दोन्ही राहू बघताय. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

मोगरी | मंगळवार, सकाळी ७:५०

बाई आहे म्हणून ऐकत नसतील हे कुणी बोलतच नाहीये.

कोरांटी | मंगळवार, सकाळी ८:१५

@मोगरी, तेही थोडं आहे. एकजण अजून मला निरोप द्यायचा तर माझ्या ज्युनिअर मुलामार्फत देतो. पण आधीच्या प्रमुखांनाही यांनी असंच झुलवलं होतं आणि ते चांगले सहा फुटी गृहस्थ होते. सगळं बाईपणाच्या खात्यावर टाकलं तर माझी सुटका होईल, प्रश्न आहे तिथेच राहील.

@हिशोबी, राग नाही. मेमोचा मसुदा शुक्रवारी रात्रीच लिहून ठेवलाय. पाठवायला हात धजत नाही.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १:२०

मेमोआधी एक जुनी गोष्ट वाचा. १९४८ साली लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड कंपनीच्या कारखान्यात केलेला प्रयोग छापून आला. कारखाना पायजमे शिवणारा, कामगार बहुतेक स्त्रिया, मजुरी नगावर. कामाची पद्धत जरा बदलली की उत्पादन घसरायचं, तक्रारी वाढायच्या, माणसं सोडून जायची.

त्यांनी गट पाडले. पहिल्या गटातल्या इस्त्रीवाल्या आधी कपड्यांची चळत पुठ्ठ्यावर रचत, ती आता खोक्यात रचायची होती. बदल म्हणाल तर एवढाच! त्यांना बोलावून सांगितलं, अमुक कारणाने बदल करतोय, नवा दर हा, काही शंका? शंकांना उत्तरं दिली, मीटिंग संपली. (तुमची पहिली मीटिंग आठवते का?) दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून दिले. आणखी दोन गटांत सगळ्याच जणी नव्या कामाची आखणी करायला बसल्या.

पहिल्या गटाचं उत्पादन खाली बसलं ते वर आलंच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के जणींनी नोकरी सोडली. सगळ्यांना सामील केलेले गट झपाट्याने सावरले आणि आधीच्या पातळीच्या सुमारे १४ टक्के वर गेले. त्यांच्यातून कुणीही सोडून गेलं नाही.

मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा भाग. पहिल्या गटात उरलेल्या तेरा जणींना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून नवं काम दिलं, पण या खेपेस सगळ्यांना सामील करून. त्याच बायका, पहिल्या वेळी ज्यांना "अडेल" म्हटलं असतं त्या. पटापट सावरल्या आणि पुढेही गेल्या. म्हणजे खोट स्वभावात नव्हती, विचारण्याच्या रीतीत होती.

आडवाटेचा | मंगळवार, दुपारी २:०५

अनुस्वार, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच फ्रेंचने पुढे सहकाऱ्यांबरोबर नॉर्वेतल्या पादत्राणांच्या कारखान्यात तसाच प्रयोग केला, १९६० साली तो छापून आला. तिथे उत्पादनात म्हणावा असा फरकच पडला नाही. तिथल्या कामगारांना ज्या गोष्टींत मत विचारलं त्या त्यांच्या लेखी फारशा महत्त्वाच्या नव्हत्या, आणि व्यवस्थापनाशी बोलायचं ते युनियनमार्फत ही त्यांची रीत होती.

टॅबच्या कव्हरचा रंग कुठला हवा असं विचारून कुणाला सामील केल्याचं समाधान मिळत नाही. उलट चीड येते.

अनुस्वार | मंगळवार, दुपारी २:४०

मान्य. तो प्रयोग मी मुद्दाम गाळला नव्हता, लांबण नको म्हणून थांबलो. देखाव्याचं विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

हिशोबी | मंगळवार, सायं. ६:१०

विरोध करणारा दरवेळी शहाणाच असतो का? सेमेलवाइस नावाचा डॉक्टर घ्या. व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ साली त्याने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. शवविच्छेदन करून आलेले हात ते, थेट बाळंतिणीकडे जायचे. त्या वॉर्डातला मृत्युदर एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर होता, जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला. आकडे डोळ्यांसमोर असून बड्या डॉक्टरांनी मानलं नाही. तिथे काय, गोल करून बसून "तुम्हाला काय वाटतं" विचारायचं होतं? बाळंतिणी मरत होत्या.

अनुस्वार | मंगळवार, सायं. ७:००

हुकमाची गरज तिथे होतीच, आणि त्याच्या वॉर्डात त्याने हुकूमच दिला होता. पण पुढे काय झालं? आपलं म्हणणं त्याने सविस्तर पुस्तकात मांडलं ते थेट १८६१ साली, चौदा वर्षांनी. त्यानंतर विरोधकांना जाहीर पत्रं लिहून खुनी ठरवलं. "तुमच्या हातांनी माणसं मेली" हे कबूल करायचं म्हणजे त्या डॉक्टरांना आपलं सगळं आयुष्य नव्याने तपासायचं होतं. त्यांना माघार घ्यायला त्याने बोटभर जागा ठेवली नाही. १८६५ साली मनोरुग्णालयात गेला तो बिचारा. त्याचं म्हणणं खरं होतं, पण ते बहुतेकांच्या गळी उतरलं तो जिवंत नसताना.

तिरकस | मंगळवार, सायं. ७:०४

टॅबवरून बाळंतिणींवर आलो. उद्यापर्यंत पानिपत गाठू.

निवांत_पाटी | मंगळवार, रात्री ९:३०

रुमाल उचलते. मी मनुष्यबळ विभागात आहे, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणारी जमात.

कोरांटी, सगळे तुमच्या टीमबद्दल बोलतायत, मी तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल बोलते. रॉबर्ट कारासेक नावाच्या संशोधकाने १९७९ साली मांडलेली गोष्ट मला रोज दिसते. काम खूप आहे एवढ्याने माणूस मोडत नाही. काम खूप आणि ते कसं करायचं यावर आपला ताबा शून्य, या जोडीने मोडतो. तुमच्याकडे टक्क्यांची जबाबदारी आहे. तारीख तुम्ही ठरवली नाही, नोंदीचा नमुना तुम्ही केला नाही, पुढे त्या नोंदींचं काय होणार तेही तुम्हाला ठाऊक नाही. गोळा येणारच.

मग गुरुवारी तुम्ही काय केलंत? साहेबांचं वाक्य घेतलंत, जिना उतरलात आणि खाली जसंच्या तसं ओतलंत. वरच्या टाकीतून खालच्या नळाला. मधल्या माणसाचं काम नुसती नळी होण्याचं असेल तर त्याची गरजच काय?

तेव्हा ताबा मिळवा, एका तरी गोष्टीवर. तारीख, व्याप्ती किंवा वापर, तिन्हींपैकी एक. साहेबांकडे एकट्याने जा, मीटिंगमध्ये नव्हे. चारचौघांत कुठलाच साहेब मागे येत नाही. जाताना रडगाणं नको, सौदा घेऊन जा. "तारीख पाळते, पण मला नमुन्यात बदल करायची मोकळीक द्या" असा काहीतरी. आणि नऊची वाट बघू नका. साडेआठलाच दोन ओळी पाठवून द्या: आकडा हा, अडलंय हे. "किती टक्के" हा प्रश्न विचारायच्या आधीच शिळा झाला पाहिजे.

बाकी, तुमच्या हातात नाही असं कुठलंही वचन खाली देऊ नका. एकदा ते मोडलं की पुढची पाच वर्षं तुम्ही बोलाल आणि ते माना डोलावतील.

जुना_पाना | मंगळवार, रात्री ११:५०

मी फक्त वाचतो, लिहीत नाही. आज राहवलं नाही. ३३ वर्षं फिटर होतो, आता निवृत्त. तुमच्या काकांच्या जागचा माणूस समजा.

आमच्याकडे एकदा एक साहेब घड्याळ घेऊन आला. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, लिहून घेत होता. म्हणाला फक्त अभ्यासासाठी आहे. आम्ही चहा पाजला त्याला. तीन महिन्यांनी दर पाळीतला एक माणूस कमी केला. त्यानंतर कोणीही घड्याळ काढलं की आमचे हात आपोआप जड व्हायचे. ठरवून नाही हो, खरंच व्हायचे.

मॅडम, तुमच्या टॅबमध्ये "सुरू" आणि "संपलं" अशी दोन बटणं असणार. भांडण टॅबशी नाही, त्या दोन बटणांशी आहे.

बेअरिंग बदलायला मला वीस मिनिटं लागत. पण प्रॉडक्शनवाले मशीन बंद करून देईनात, त्यात पाऊण तास. मग स्टोअरला जा, तिथला माणूस जागेवर नाही, आला तर सही कोणाची हवी ते सांगणार, सहीवाला मीटिंगमध्ये. असे मिळून दोन तास. तुमच्या टॅबवर काय दिसणार? फिटर अमुक तमुक, बेअरिंग एक, वेळ दोन तास. वरून बघणारा म्हणणार, झोपला होता काय?

सगळ्या कामांना २:४० ची वेळ टाकणाऱ्याने आपल्या सगळ्या भावांना वाचवलंय. तुम्ही त्याला कामचोर समजताय.

डायरीचं म्हणाल तर मीही ठेवायचो. मशीन बंद पडायच्या आधी बोलतं. ते ज्याला ऐकू येतं तो लिहून ठेवतो. तुमच्या यादीत त्याला रकाना आहे का? नसेल तर तो "इतर" नाही तर काय लिहिणार.

त्यांना विचारा. सगळ्यांसमोर नाही. मशीनजवळ उभं राहून विचारा. ऑफिसात बोलावलंत तर "सगळं ठीक आहे" हेच ऐकाल.

आडवाटेचा | बुधवार, सकाळी ६:४०

हा प्रतिसाद छापून प्रत्येक विभागप्रमुखाच्या टेबलावर ठेवला पाहिजे. _/\_

हिशोबी | बुधवार, सकाळी ९:२०

जुना_पाना, तुमच्या बाबतीत झालं ते चूकच. त्या साहेबाने एका खोट्या वाक्यात पुढच्या सगळ्या साहेबांचा विश्वास खर्चून टाकला. तरी माझा मुद्दा सोडत नाही. चौदातला एखादा खरंच अंग चोरणारा असतो आणि तो या सगळ्यांच्या आडोशाला उभा राहतो. त्याला वेगळा काढायला कधी ना कधी कागद लागतोच.

जुना_पाना | बुधवार, सकाळी १०:००

असतो ना. आम्हालाही माहीत असायचा. पण सगळ्यांना एकाच काठीने हाणलं की आम्ही त्यालाच पाठीशी घालायचो.

कोरांटी | बुधवार, रात्री १०:२५

जुना_पाना, तुमचा प्रतिसाद चारदा वाचला. आज काकांकडे गेले. ते गिअरबॉक्सपाशी होते. मी टॅबचं नाव काढायच्या आधीच त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. "ऐक." नऊ वर्षांपूर्वी असंच शिकवलं होतं त्यांनी. सलग घरघर होती आणि मधूनच वाळूचा कण चिरडल्यासारखा कर्र आवाज.

म्हणाले, "हे तीन आठवड्यांपासून आहे. अजून महिनाभर चालेल, मग बसेल. तुझ्या त्या यादीत हे कुठे टाकू?"

यादीत नव्हतंच. बिघाड झाल्यावरची बावीस कारणं आहेत, बिघाडाआधीचं एकही नाही. ती यादी मीच मंजूर केली होती.

मग मी दोन बटणांचं विचारलं. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू लिहून देशील का, की यावरून माणूस कमी होणार नाही?" मी "हो" म्हणणारच होते, पण निवांत_पाटीचं वाक्य आठवलं. म्हटलं, "काका, ते माझ्या हातात नाही. विचारून सांगते." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

उद्या साहेबांकडे जातेय. एकटी.

तिरकस | बुधवार, रात्री १०:३१

मेमोच्या मसुद्याचं काय केलंत ते पण सांगा.

कोरांटी | बुधवार, रात्री १०:३३

आहे अजून. फक्त नावं खोडलीत.

कोरांटी | पाच आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:१०

बरेच जण विचारत होते म्हणून धागा वर काढतेय.

साहेबांनी माणसं कमी न करण्याचं लेखी दिलं नाही. साफ नाही म्हणाले, त्यांच्याही वर कुणी आहे. दिलं ते एवढंच, की तिमाही संपेपर्यंत वेळेच्या नोंदी कुणाच्याही वैयक्तिक मूल्यमापनाला वापरणार नाही. ईमेलवर. ते मी तसंच्या तसं टीमला वाचून दाखवलं, काय मिळालं नाही तेही सांगितलं. एकजण म्हणाला, "म्हणजे तिमाहीनंतर आहेच." मी म्हटलं, हो, तिमाहीनंतर पुन्हा भांडावं लागेल.

दुसरं म्हणजे तिसरं बटण. "थांबलंय." ते दाबलं की कारण निवडायचं: मशीन मिळालं नाही, पार्ट नाही, सही नाही, दुसऱ्या कामाला पाठवलं. ही कारणं मी लिहिली नाहीत. दुसऱ्या पाळीतल्या दोघांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून दिली. आणि "अजून बिघडलं नाही, पण लक्ष ठेवा" असा एक रकाना. काका डायरी देत नाहीत ती नाहीतच, पण दर शनिवारी त्यातलं वाचून दाखवतात आणि एक नवा पोरगा टाइप करतो. तो गिअरबॉक्स आम्ही ठरवलेल्या सुट्टीच्या दिवशी उघडला. बेअरिंगच्या आतल्या रिंगला खपल्या सुटलेल्या होत्या.

हिशोबींचंही थोडं खरं निघालं. तेरा जण भरतात, एकजण अजूनही "इतर" ठोकतो. दोनदा मशीनजवळ जाऊन बोलले, काही हाती लागलं नाही. तिसऱ्यांदा मेमो दिला. या वेळी कुणी मध्ये पडलं नाही.

आता गंमत. "थांबलंय"चे पहिल्या महिन्याचे आकडे आले. दुरुस्तीच्या एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ माणसं नुसती थांबलेली आहेत, आणि सगळ्यात मोठं कारण "पार्ट नाही". शुक्रवारी साडेआठला हे मी साहेबांना पाठवलं. नऊच्या मीटिंगला त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टोअरच्या प्रमुखांकडे वळले आणि म्हणाले, "किती टक्के?"

ते सहाच महिन्यांपूर्वी आलेत. फाईल उघडून उगाच पानं उलटत बसले. मीटिंग संपल्यावर ते जिना उतरायच्या आत मी त्यांना गाठलं.

जुना_पाना | शनिवार, रात्री ९:००

आधी त्यांना त्या सहीवाल्याबद्दल विचारा.